पॅचवर शेक दिला आणि आई गुंगीत गेली

डॉक्टर, नमस्कार.

माझी आई ६८ वर्षांची आहे. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. तीन महिने ती मॉर्फिनच्या गोळ्या घेत होती, १२-१२ तासांनी ३० मिलिग्रॅमची एक. त्यांनी बरं वाटायचं, पण मागच्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या आणि गोळी पोटात ठरेना. मग आमच्या डॉक्टरांनी फेंटानिलचा २५चा पॅच दिला. सकाळी लावला. त्या रात्री आई इतकी कळवळली की मी दुसरा पॅच हातात घेतला होता, पाकीट फोडायचं तेवढं बाकी होतं. धीर झाला नाही म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला शांत झोप लागायला लागली.

पुढचा पॅच पाठीवर, खांद्याजवळ लावला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पाठ भरून आलीय. मी गरम पाण्याची पिशवी दिली, तासभर तरी असेल. दुपारी हाका मारल्या तरी ती डोळे उघडेना. भाऊ घरात होता, त्याने पॅच ओढून काढला. संध्याकाळी आई भानावर आली. दुसऱ्या दिवशी दुखणं परत सुरू झालं, पण भाऊ आता पॅच लावू देत नाही. तो मला फेंटानिलने मेलेल्या लोकांच्या बातम्या दाखवतो. म्हणतो, अफूच ती, व्यसन लागेल. फार तर अर्धा कापून लावू. मामा म्हणतात, हे औषध सुरू केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

आईला रात्री झोप नाही. तिची जुनी झोपेची गोळी उरलेली आहे, ती देऊ का? माझी मुलगी तीन वर्षांची आहे, आजीला चिकटून झोपते, त्यात काही धोका आहे का? आणि एक खरं सांगा. मी आईला मारत होते का?

– एक लेक

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही. तुम्ही पाठ दुखतेय म्हणून शेक दिलात, कोणतीही लेक देईल. पॅचवर शेक द्यायचा नसतो हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ते सांगितलं गेलं नाही. हा आमच्या बाजूचा दोष आहे. पॅच लिहून देताना आम्ही डोस समजावतो, तारीख समजावतो, आणि पेशंट दाराशी पोचल्यावर आठवतं की गरम पाण्याच्या पिशवीचं राहिलंच. मी स्वतः हे केलेलं आहे.

तातडीचं जे होतं ते तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं: घरच्या घरी काही ठरवू नका, आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि घडलेलं सगळं सांगा, गरम पिशवीसकट. आता जरा सावकाशीने बोलू.

या पॅचची मुख्य अडचण अशी की तो औषधासारखा दिसत नाही. जखमेवर लावतो तसली चिकटपट्टी दिसते. गोळी गिळताना आपण घड्याळ बघतो, पाणी घेतो, औषध पोटात गेलं हे मनात नोंदलं जातं. पॅच लावला की विसरायला होतं. आणि तो काम करतो अगदी संथपणे, येतानाही आणि जातानाही. तुमच्या पत्रातल्या जवळपास सगळ्या घटना या संथपणातून आलेल्या आहेत.

पहिल्या रात्रीचंच बघा. पॅचमधलं औषध थेट रक्तात उतरत नाही. आधी ते कातडीच्या वरच्या थरांत साठतं, तिथे जणू एक छोटी टाकी भरते, आणि त्या टाकीतून रक्तात झिरपतं. पहिला पॅच लावल्यावर रक्तात पुरेसं औषध यायला १२ ते २४ तास जातात. नेमका परिणाम कळायला दुसरा पॅच लागेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून पॅच सुरू करताना मधल्या तासांची सोय वेगळी करावी लागते. १२ तास चालणारी मॉर्फिनची गोळी चालू असेल तर शेवटची गोळी बहुधा पॅच लावतानाच देतात, आणि वर अचानक उसळणाऱ्या कळांसाठी लवकर काम करणारं मॉर्फिन हाताशी ठेवतात. आईला गोळी पोटात ठरत नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी वेगळा मार्ग, म्हणजे कातडीखाली द्यायचं इंजेक्शन वगैरे, आधीच ठरवायला हवा होता. तो ठरला नसावा असं पत्रावरून वाटतं. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘मध्येच कळ आली तर काय द्यायचं, किती, आणि दिवसातून किती वेळा?’ त्याचं उत्तर कागदावर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

दुसऱ्या पॅचचं पाकीट फोडलं नाहीत ते फार मोठं काम केलंत. त्या रात्री दोन पॅच लागले असते तर पहाटेपर्यंत काहीच वाटलं नसतं. दोन्ही टाक्या भरून वाहायला लागल्या असत्या त्या दुसऱ्या दिवशी, आई गाढ झोपलीय म्हणून घर जरा निवांत झालेलं असताना.

आता शेकाबद्दल. ऊब लागली की कातडीतला रक्तप्रवाह वाढतो, औषध भराभर आत जातं आणि कातडीखाली साठलेलंही रक्तात ओढलं जातं. गरम पाण्याची पिशवी, शेकायची विजेची गादी, हीटर, कढत पाण्याने आंघोळ, उन्हात पाठ करून बसणं, सगळं त्यातच आलं. अंगातला तापही. ताप ४० अंश सेल्सिअसला गेला तर रक्तातलं फेंटानिल सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतं असा अंदाज आहे. म्हणजे २५चा पॅच न बदलता तुम्ही ३३चा लावल्यासारखं. त्यामुळे पॅच असताना ताप आला तर डॉक्टरांना कळवायचं आणि आईच्या गुंगीकडे जास्त लक्ष ठेवायचं. पाठ शेकायचीच असेल तर पॅच लावण्याची जागा निवडतानाच तो विचार करा, पॅच छातीवर किंवा दंडावर लावा. तरीही पॅचपासून दूर, कोमट आणि थोडाच वेळ, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

तुमच्या भावाने पॅच ओढून काढला, त्या क्षणी तेच योग्य होतं. हाका मारून डोळे उघडत नाहीत म्हटल्यावर पहिलं काम तेच. पण पुढची पायरी चुकली: लगेच मदत बोलवायला हवी होती. पॅच काढला तरी टाकी रिकामी होत नाही. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला साधारण १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात. संध्याकाळी आई भानावर आली हे चांगलं झालं, पण ती रात्री पुन्हा गुंगीत जाऊ शकली असती. अशा पेशंटवर निदान २४ तास नजर ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी दुखणं परतलं, त्याचंही कारण हेच. टाकी हळूहळू आटली.

झोप आणि धोक्याची गुंगी यांतला फरक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळायला हवा. तो अवघड नाही. दुखण्याने रात्रीच्या रात्री जागलेला माणूस वेदना थांबल्यावर एक-दोन दिवस खूप झोपतो, पण हलवलं तर उठतो, पाणी मागतो, कोण आलंय ते विचारतो. ती थकव्याची झोप. धोक्याच्या गुंगीत माणूस हलवून, हाका मारून, खांदा दाबूनही नीट जागा होत नाही. श्वास संथ होतो, घोरल्यासारखा किंवा घरघरल्यासारखा येतो, मध्ये थांबतो. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ-नखं निळसर दिसतात. छातीकडे बघत, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे शांत असताना साधारण १२ ते २० होतात. ८च्या खाली गेले आणि माणूस उठत नसेल तर पॅच काढा, आपत्कालीन सेवेला फोन करा, पेशंटला कुशीवर वळवा आणि शेजारी बसून राहा. श्वास थांबत असतील, ओठ निळे पडत असतील तर आकड्याची वाट बघू नका.

दवाखान्यात अशा वेळी नालॉक्सोन देतात. ते ओपिऑइडचा, म्हणजे मॉर्फिन-फेंटानिलच्या जातीच्या औषधांचा, परिणाम मिनिटांत उलटवतं, पण त्याचा स्वतःचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि कातडीखालची टाकी मात्र वाहतच असते. म्हणून शुद्ध आली की घरी चला असं होत नाही. शिवाय कॅन्सरच्या पेशंटला ते एकदम भरपूर दिलं तर वेदनाशमनही एका झटक्यात जातं, म्हणून जाणकार डॉक्टर ते थोडंथोडं, श्वासाकडे बघत देतात. तुमच्या घरी ते ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

एक मात्र सांगायला हवं. मी शेकाला दोष देतेय कारण वेळ जुळतेय, पण सगळं पॅचवर ढकलून मोकळं होऊ नका. कॅन्सर हाडांत असला की रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं आणि त्याची लक्षणं नेमकी हीच: उलट्या, बद्धकोष्ठता, सुस्ती, बरळणं. आईच्या उलट्या पॅचच्या आधीपासूनच्या आहेत. त्यांचं कारण कुणी शोधलं का, कॅल्शियम आणि किडनीची रक्ततपासणी झाली का, हे विचारा. आणि मणक्यात आजार आहे म्हणून आणखी एक: पायांतली ताकद अचानक कमी झाली, कमरेखाली बधिर वाटायला लागलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. मज्जारज्जूवर दाब येत असेल तर उशिराने झालेलं नुकसान भरून येत नाही.

आता भावाचा अर्धा पॅच. कापायचा नाही. काही पॅचमध्ये औषध जेलच्या रूपात पातळ पिशवीत असतं. कात्री लागली की ते सगळं एकदम बाहेर येतं. काहींत ते चिकट थरातच मिसळलेलं असतं, पण तेही कापून वापरायला बनवलेले नाहीत. कमी डोस हवा असेल तर १२चा पॅच मिळतो, तो डॉक्टरांनी लिहून द्यायचा. मात्र डोस कमी करायची गरज आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. शेक देईपर्यंत २५वर आई शांत झोपत होती, शुद्धीत होती. तिचं आधीचं मॉर्फिन दिवसाला ६० मिलिग्रॅम होतं आणि २५चा पॅच साधारण त्याच ताकदीला धरला जातो. डॉक्टरांचा हिशोब चुकलेला नाही. तरीही जुनाच डोस परस्पर चालू करू नका. औषध काही दिवस बंद राहिलं की शरीराची सवय मोडते आणि कालचा डोस आज जड जाऊ शकतो. किती दिवस पॅच नव्हता ते सांगून डॉक्टरांकडूनच पुन्हा सुरू करा.

‘सवय’ म्हटलं आणि भावाचा मुद्दा आलाच. पहिली गोष्ट, फेंटानिल अफूच्या बोंडातून निघत नाही. मॉर्फिन निघतं. फेंटानिल प्रयोगशाळेत तयार झालं, बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६०मध्ये ते बनवलं. काम मात्र ते मेंदूतल्या त्याच जागांवर करतं आणि मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट तीव्र आहे. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण म्हणूनच ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. २५चा पॅच तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडतो, म्हणजे दिवसभरात ०.६ मिलिग्रॅम. भाऊ दाखवतो त्या बातम्या बहुतेक बेकायदा बनवलेल्या पावडरीच्या आणि नकली गोळ्यांच्या आहेत. त्यात किती फेंटानिल मिसळलंय हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि विकणाऱ्यालाही. त्या बातम्या खऱ्या आहेत, त्यांना घाबरायलाच हवं. पण त्यांतला माणूस आणि तुमची आई यांत फरक आहे: तिच्या शरीराला तीन महिने मॉर्फिनची सवय होती. ज्याने आधी ओपिऑइड घेतलेलंच नाही त्याला हा पॅच लावायचाच नसतो. दिवसाला निदान ६० मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा त्याच्या तोडीचं औषध आठवडाभर चालू असेल, तरच. ऑपरेशननंतरच्या चार दिवसांच्या दुखण्यासाठी किंवा गुडघा धरलाय म्हणून शेजारच्या काकूंना ‘एक लावून बघा’, हे जिवावर बेततं.

व्यसनाबद्दल मी गोड बोलणार नाही. ओपिऑइडचं व्यसन लागतं, आणि ज्यांना पूर्वी दारू किंवा इतर व्यसन होतं त्यांच्याबाबत आम्ही जास्त सावध असतो. पण लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबतात. औषध अचानक थांबवल्यावर घाम, अस्वस्थपणा, जुलाब, अंगदुखी होते, ते शरीराचं अवलंबन आहे. महिनाभर घेणाऱ्या बहुतेकांना कमी-जास्त होतंच, म्हणून औषध पायरीपायरीने उतरवायचं असतं. डोस हळूहळू वाढवावा लागतो, त्यामागे सरावलेलं शरीर असतं, आणि कॅन्सरमध्ये अनेकदा वाढलेला आजारच असतो. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही औषधामागे धावणं, ते वेदनेसाठी न घेता नशेसाठी घेणं. आई दुखणं थांबल्यावर झोपली. धावायला ती कुठे निघाली होती?

मामांना सांगा, डॉक्टर हात टेकतात तेव्हा पॅच लिहीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी १९८६मध्ये औषधांच्या तीन पायऱ्या आखल्या. कुठल्या पायरीवर जायचं हे वेदना किती आहे त्यावर ठरतं, दिवस किती उरलेत त्यावर नाही. असे पेशंट मी पाहिले आहेत की ज्यांनी मॉर्फिनवर महिनोन्‌महिने काढले, नातवंडांचा अभ्यास घेतला, आणि काहींचं दुखणं किरणोपचारांनी इतकं उतरलं की आम्ही औषध कमी करत आणलं. योग्य प्रमाणात, हळूहळू वाढवलेलं ओपिऑइड आयुष्य कमी करत नाही.

झोपेची गोळी देऊ नका. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मी खरोखर खुर्चीत सरळ झाले. झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या श्वासावर त्याच दिशेने दाब टाकतात ज्या दिशेने फेंटानिल टाकतं. दोन्ही एकत्र दिली जातात तेव्हा डॉक्टर हिशोब करून देतात. तुम्ही जुन्या डब्यातली गोळी काढून द्यायची नाही. आणि तसंही आईची झोप उडालीय ती दुखण्याने. दुखणं थांबलं की झोप येईल, तुम्हीच ते एकदा पाहिलंत. दारूलाही हेच लागू. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधं, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, फेंटानिलचा निचरा मंदावतात आणि रक्तातलं प्रमाण वाढवतात. कुणी खोकल्यासाठी किंवा तोंडातल्या फोडांसाठी औषध द्यायला लागलं की आधी म्हणायचं, ‘पॅच चालू आहे.’

आता नात. ती आजीला चिकटून झोपते, आणि हा माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा धोका आहे. पॅचची कड सुटली, झोपेत तो नातीच्या दंडाला चिकटला, तर आजीला जेमतेम पुरणारा डोस तिचा श्वास थांबवू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२मध्ये सावधगिरीची सूचना काढली, तेव्हा त्यांच्याकडे १५ वर्षांत मुलांना चुकून पॅच लागल्याच्या किंवा त्यांनी तोंडात घातल्याच्या २६ घटना नोंदल्या होत्या. त्यांतली १० मुलं गेली. निम्म्याहून अधिक मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. कचऱ्यातून काढलेला वापरलेला पॅचही पुरतो, कारण तीन दिवसांनंतरही त्यात बरंच औषध उरतं, काहींत निम्म्याहून अधिक. मुलांना तो स्टिकर वाटतो.

तेव्हा नातीने आजीजवळ बसावं, गोष्टी ऐकाव्यात, पण रात्री झोपायला वेगळं. पॅच तिचा हात पोचणार नाही अशा जागी, कपड्याखाली, शक्यतो पाठीवर वरच्या बाजूला लावा. (म्हणजे पाठीचा शेक बंद. दोन्हीपैकी एक निवडावं लागतं.) तिच्यासमोर लावू नका आणि ‘स्टिकर’ तर म्हणूच नका. रोज सकाळ-संध्याकाळ हात फिरवून पॅच जागेवर आहे ना ते बघा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन लगेच दुमडा, उघड्या टोपलीत टाकू नका. तो परत कुठे करायचा किंवा कसा नष्ट करायचा याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात. औषध देणाऱ्यालाच विचारा. नवे पॅच कुलुपात.

लावण्याची पद्धत थोडक्यात. जागा सपाट, कोरडी, न खरचटलेली. नुसत्या पाण्याने पुसायची, साबण, तेल, क्रीम, स्पिरिट काही नको. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका, कारण ओरखड्यांतून औषध जास्त जातं. तळव्याने ३० सेकंद दाबून धरा, मग हात पाण्याने धुवा. दर ७२ तासांनी नवी जागा. आणि जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. हे सांगायची काय गरज, असं वाटेल. माझ्याकडे एकदा एका आजोबांना गुंगीत आणलं होतं. मुलगी दर तीन दिवसांनी चोख पॅच लावत होती, काढायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाठीवर तीन होते.

पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून चालू हवं. मळमळ, सुस्ती काही दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठता ओसरत नाही, फेंटानिलने ती मॉर्फिनपेक्षा थोडी कमी होते इतकंच. एमआरआय काढायचा ठरला तर पॅच असल्याचं आधी सांगा. काही पॅचच्या पाठीला धातूचा थर असतो आणि तो तापून भाजू शकतो.

डॉक्टरांनी पॅच पुन्हा सुरू केला की भावाला बाजूला ठेवू नका. वेळेवर पॅच काढायचं धाडस त्यानेच दाखवलं. पहिला पॅच त्याच्या हातून लागू द्या, तारीख-वेळ त्यालाच वहीत लिहू द्या, आणि पहिले तीन दिवस दर चार तासांनी आईचे श्वास मोजायचं काम त्याच्याकडे द्या. रात्रीचे गजर दोघांत वाटून घ्या.